टेडी वेदरफर्ड

टेडी वेदरफर्ड (जन्म : पोकाहोंटस, व्हर्जिनिया, अमेरिका, ११ ऑक्टोबर १९०३, मृत्यू : कोलकाता, २५ एप्रिल १९४५) हे अमेरिकन जॅझ पियानोवादक, संगीतरचनाकार आणि वाद्यवृंदप्रमुख होते. १९२०च्या दशकातील शिकागो शहरात त्यांची गणना आघाडीच्या पियानोवादकांत होत असे. १९२६ साली त्यांनी अमेरिका सोडली. त्यानंतरचे जवळजवळ सर्व आयुष्य त्यांनी शांघाय, मुंबई, कोलंबो आणि कोलकाता या शहरांत व्यतीत केले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलमधील जॅझ वाद्यवृंदाचे ते पियानोवादक व पुढे प्रमुख होते. भारतात जॅझ संगीत रुजवणाऱ्या परदेशी कलावंतांमध्ये त्यांचे स्थान महत्त्वाचे मानले जाते.

बालपण व जडणघडण

वेदरफर्ड यांचा जन्म व्हर्जिनिया राज्यातील पोकाहोंटस या कोळसा खाणींच्या गावी एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. त्यांचे बालपण जवळच असलेल्या, परंतु वेस्ट व्हर्जिनिया राज्यात मोडणाऱ्या ब्लूफिल्ड या गावी गेले. १९१५ ते १९२० या काळात ते न्यू ऑर्लिन्स येथे वास्तव्यास होते. मिसिसिपी नदीच्या काठचे हे बंदर जॅझ संगीताचे जन्मस्थान समजले जाते. मिरवणुका, नाचघरे आणि अंत्ययात्रा अशा सर्व प्रसंगी तेथे वाद्यवृंद वाजत असत. कृष्णवर्णीयांची श्रमगीते, चर्चमधील भक्तिगीते, ब्लूज आणि युरोपीय बँडचे संगीत यांच्या मिश्रणातून तेथे एक नवी वादनपद्धती आकाराला येत होती. वयाच्या बाराव्या ते सतराव्या वर्षांपर्यंतच्या या वास्तव्यात वेदरफर्ड जॅझ पियानो शिकले.

त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत वर्णभेदाचे कायदे लागू होते. शाळा, रेल्वेचे डबे, उपाहारगृहे या सर्व ठिकाणी कृष्णवर्णीयांना वेगळे ठेवले जात असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात उत्तरेकडील कारखान्यांना मजुरांची गरज भासू लागली आणि लाखो कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यू यॉर्क या शहरांकडे गेले. त्यांच्या पाठोपाठ त्यांचे संगीतही उत्तरेकडे गेले. न्यू ऑर्लिन्समधील अनेक नामवंत वादक याच काळात शिकागोत स्थायिक झाले. वेदरफर्डही १९२०च्या सुमारास तेथे पोहोचले.

शिकागोतील कारकीर्द

शिकागोच्या दक्षिण भागातील कृष्णवर्णीयांच्या वस्तीत नाचघरे, कॅफे आणि चित्रपटगृहे मोठ्या संख्येने होती. वेदरफर्ड यांनी प्रथम जिमी वेड यांच्या आणि नंतर अर्स्किन टेट यांच्या वाद्यवृंदात पियानो वाजवला. टेट यांचा वाद्यवृंद व्हेंडोम या चित्रपटगृहात वाजत असे. तो मूकपटांचा जमाना होता. पडद्यावरील दृश्यांना साथ देणे आणि दोन खेळांच्या मध्ये प्रेक्षकांसमोर स्वतंत्र रचना सादर करणे अशी दोन्ही कामे वाद्यवृंदाला करावी लागत. त्यामुळे वादकांना लिहिलेले स्वरलेखन झरझर वाचता येणे आणि वेळप्रसंगी उत्स्फूर्तपणे वाजवता येणे, ही दोन्ही कौशल्ये अंगी असणे आवश्यक होते.

याच वाद्यवृंदात ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग हे वेदरफर्ड यांचे सहकारी होते. २८ मे १९२६ रोजी टेट यांच्या वाद्यवृंदाने दोन रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्यांत आर्मस्ट्राँग आणि वेदरफर्ड या दोघांचे वादन ऐकावयास मिळते. शिकागोतील वेदरफर्ड यांच्या वादनाची कल्पना देणाऱ्या मोजक्या ध्वनिमुद्रिकांपैकी ही एक होय. क्लॅरिनेटवादक जॉनी डॉड्स यांच्याबरोबरही त्यांनी काम केले. पुढे जॅझ पियानोच्या इतिहासात अग्रगण्य ठरलेले अर्ल हाइन्स त्या सुमारास शिकागोत नव्याने आले होते. तरुण हाइन्स यांच्यावर वेदरफर्ड यांच्या वादनाची छाप पडली होती.

आशियाकडे प्रयाण

१९२६ साली ढोलवादक जॅक कार्टर यांनी आशियातील दौऱ्यासाठी एक वाद्यवृंद जमवला. वेदरफर्ड त्यात पियानोवादक म्हणून सामील झाले. न्यू ऑर्लिन्सचे क्लॅरिनेटवादक अल्बर्ट निकोलस आणि गायिका व ट्रम्पेटवादक व्हॅलेडा स्नो हेही या दौऱ्यात होते. निकोलस व स्नो काही काळाने परतले. वेदरफर्ड मात्र आशियातच राहिले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस होते.

त्यांच्या प्रयाणाचा काळ लक्षात घेण्याजोगा आहे. १९२०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय वाढीला लागला होता, रेडिओ घरोघर पोहोचत होता आणि आर्मस्ट्राँग, हाइन्स, ड्यूक एलिंग्टन यांची नावे याच साधनांमुळे देशभर पसरली. वेदरफर्ड या साऱ्या घडामोडींपासून हजारो मैल दूर होते. अमेरिकन जॅझच्या इतिहासग्रंथांत त्यांचा उल्लेख बहुधा ओझरता आढळतो, याचे हेच प्रमुख कारण आहे.

शांघाय

दोन महायुद्धांमधील शांघाय हे पूर्वेकडील मनोरंजनाचे सर्वांत मोठे केंद्र होते. शहराचा काही भाग परकीय सत्तांच्या ताब्यात होता आणि तेथील नृत्यदालनांत अमेरिकन, रशियन व फिलिपिनो वादकांना सतत मागणी असे. वेदरफर्ड तेथील लोकप्रिय कलावंत बनले. एका रात्रीत एकाहून अधिक ठिकाणी त्यांचे वादन होत असे. अमेरिकन कवी लँग्स्टन ह्यूज १९३३ साली शांघायला आले असता त्यांची वेदरफर्ड यांच्याशी भेट झाली. ह्यूज यांनी पुढे आपल्या आत्मचरित्रात या भेटीची नोंद केली आहे.

१९३४ साली वेदरफर्ड अमेरिकेत गेले, ते तेथे राहण्यासाठी नव्हे. शांघायच्या फ्रेंच वसाहतीतील कॅनिड्रोम या नृत्यदालनासाठी नवा वाद्यवृंद आणण्याचे काम त्यांच्याकडे होते. कुत्र्यांच्या शर्यतींच्या मैदानाला लागून असलेले हे नृत्यदालन शहरात प्रतिष्ठेचे समजले जात असे. लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी तरुण ट्रम्पेटवादक बक क्लेटन यांच्या वाद्यवृंदाची निवड केली. क्लेटन पुढे अमेरिकेत परतले आणि काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदातून त्यांनी मोठी ख्याती मिळवली. वेदरफर्ड यांनी परतीचा मार्ग निवडला नाही. १९३६ साली ते मुंबईला आले.

मुंबई व ताजमहाल हॉटेल

मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली, म्हणजे वेदरफर्ड यांच्या जन्माच्याच वर्षी सुरू झाले होते. १९३०च्या दशकात शहराची वेगाने वाढ होत होती. बॅक बे भागात समुद्र हटवून नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि बोलपट, मोटारगाड्या व पाश्चात्त्य नृत्य यांचे आकर्षण श्रीमंत वर्गात वाढत होते. युरोपीय अधिकारी, संस्थानिक, पारशी व गुजराती व्यापारी कुटुंबे ताजच्या नृत्यदालनात येत असत. १९३५ साली व्हायोलिनवादक लिऑन अ‍ॅबी यांच्या नेतृत्वाखाली कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा वाद्यवृंद तेथे आला. तोपर्यंत मुंबईकर जॅझ मुख्यतः तबकड्यांवरून आणि युरोपीय बँडच्या नकलांमधून ऐकत होते.

अ‍ॅबी यांच्यानंतर ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ यांचा ‘सिम्फोनियन्स’ हा वाद्यवृंद ताजमध्ये वाजू लागला. स्मिथ हे पहिल्या महायुद्धापूर्वी न्यू यॉर्कमध्ये जेम्स रीस युरोप यांच्या वाद्यवृंदात वाजवलेले अनुभवी कलावंत होते. पूर्वी ड्यूक एलिंग्टन यांच्याकडे असलेले क्लॅरिनेटवादक रूडी जॅक्सन आणि सॅक्सोफोनवादक रॉय बटलर हेही या वाद्यवृंदात होते. वेदरफर्ड त्यात पियानोवादक म्हणून सामील झाले. १९३६ साली या वाद्यवृंदाने मुंबईत काही रचना ध्वनिमुद्रित केल्या. मेना सायलस यांची, हॉटेलचेच नाव धारण करणारी फॉक्सट्रॉट नृत्याची एक रचना त्यांत आहे. पुढे थोड्याच काळात वाद्यवृंदाचे नेतृत्व वेदरफर्ड यांच्याकडे आले.

हॉटेलमधील वाद्यवृंदाचे काम मैफलीपेक्षा वेगळे होते. जेवणाच्या वेळी संथ संगीत आणि रात्री उशिरापर्यंत फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, रंबा या नृत्यांसाठी साथ असा दिनक्रम असे. नाचणाऱ्यांची लय बिघडू न देता त्या चौकटीत उत्स्फूर्त वादनाला जागा करून देणे, हे वाद्यवृंदप्रमुखाचे कौशल्य समजले जाई.

पॅरिसमधील ध्वनिमुद्रण

१९३७ साली पॅरिस येथे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. त्या वेळी वेदरफर्ड पॅरिसला गेले आणि तेथे त्यांनी स्विंग या कंपनीसाठी एकल पियानोवादनाच्या तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या. केवळ जॅझला वाहिलेली ही फ्रेंच कंपनी त्याच वर्षी सुरू झाली होती. या तबकड्यांमध्ये त्या काळची लोकप्रिय गीते आणि त्यांची स्वतःची ‘वेदर बीटन ब्लूज’ ही रचना यांचा समावेश आहे. रचनेच्या शीर्षकात त्यांच्या आडनावावर केलेली कोटी आहे. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचेच संगीत मावत असे. तरीही साथीदारांविना केलेल्या या वादनातून त्यांच्या शैलीचा सर्वांत स्पष्ट परिचय होतो. युरोपात राहण्याची संधी असूनही ते पुन्हा भारतात परतले.

कोलंबो व कोलकाता

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास वेदरफर्ड यांनी मुंबई सोडली. काही काळ त्यांनी सिलोनमधील (आताचे श्रीलंका) कोलंबो येथे वाजवले आणि त्यानंतर ते कोलकात्याच्या चौरंगी भागातील ग्रँड हॉटेलमध्ये वाद्यवृंदप्रमुख झाले. हे हॉटेल त्या वेळी मोहनसिंग ओबेरॉय यांच्याकडे होते.

मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतल्यानंतर कोलकाता हे युद्धआघाडीच्या पिछाडीचे प्रमुख ठाणे बनले. ब्रह्मदेश, चीन आणि भारत या रणक्षेत्रासाठी आलेले हजारो अमेरिकन व ब्रिटिश सैनिक शहरात असत. ब्रह्मदेशातून निर्वासित होऊन आलेले वादकही तेथे पोहोचले होते. त्यांपैकी क्लॅरिनेटवादक रूबेन सॉलोमन आणि गिटारवादक सेड्रिक वेस्ट यांनी वेदरफर्ड यांच्याबरोबर काम केले. अशा रीतीने त्यांच्या वाद्यवृंदात अमेरिकन, अँग्लो-इंडियन, गोमंतकीय, ब्रह्मदेशीय अशा विविध पार्श्वभूमीचे वादक एकत्र आले. स्वदेशात गोऱ्या आणि काळ्या वादकांनी एका मंचावर बसणे दुर्मीळ असताना वेदरफर्ड येथे अनेक वंशांच्या वादकांचे नेतृत्व करत होते. अमेरिकन सैन्यात मात्र वर्णभेद कायम होता आणि कृष्णवर्णीय सैनिकांच्या तुकड्या व करमणुकीची ठिकाणे वेगळी असत.

अमेरिकन सैन्याच्या रेडिओ सेवेवरून वेदरफर्ड यांच्या वाद्यवृंदाचे कार्यक्रम प्रसारित होत असत. व्यापारी जहाजावर नोकरीला असलेले जिमी विदरस्पून हे कोलकात्यात असताना या वाद्यवृंदाबरोबर गायले. पुढे अमेरिकेत ते ब्लूज गायक म्हणून प्रसिद्धीस आले. मुंबईत जन्मलेल्या गायिका गेरी स्कॉट यांनीही या वाद्यवृंदाबरोबर गायन केले. याच काळात वेदरफर्ड यांनी कोलंबिया कंपनीसाठी अनेक तबकड्या ध्वनिमुद्रित केल्या. त्यांतील काहींत त्यांनी स्वतः गायनही केले आहे. या तबकड्या मुख्यतः भारतात विकल्या गेल्या व अमेरिकेतील श्रोत्यांपर्यंत फारशा पोहोचल्या नाहीत.

ज्या शहरात हे संगीत चालू होते, त्याची दुसरी बाजू भीषण होती. डिसेंबर १९४२ मध्ये कोलकात्यावर जपानी विमानांनी बाँबहल्ले केले. १९४३च्या बंगालच्या दुष्काळात लाखो लोक मृत्युमुखी पडले आणि भुकेलेली कुटुंबे खेड्यांतून शहरातील रस्त्यांवर आली. पटकी, हिवताप, देवी या साथी त्यानंतरही चालू राहिल्या.

निधन

एप्रिल १९४५ मध्ये वेदरफर्ड यांना पटकीची लागण झाली आणि २५ एप्रिल रोजी कोलकाता येथे त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते ४१ वर्षांचे होते. युरोपातील युद्ध त्यानंतर दोन आठवड्यांत, तर आशियातील युद्ध ऑगस्ट महिन्यात संपले. युद्धोत्तर काळात जुन्या जॅझ वादकांचा शोध घेण्याची, त्यांना पुन्हा मंचावर आणण्याची आणि त्यांचे वादन नव्याने ध्वनिमुद्रित करण्याची लाट अमेरिकेत व युरोपात आली. त्यांच्या पिढीतील अनेकांना या लाटेचा लाभ झाला. वेदरफर्ड यांना तो मिळू शकला नाही.

वादनशैली

वेदरफर्ड यांचे वादन ‘स्ट्राइड’ या शैलीत मोडते. या शैलीत डावा हात एका मात्रेला खालच्या सप्तकातील स्वर आणि पुढच्या मात्रेला मधल्या सप्तकातील स्वरसमूह वाजवत पियानोवर सतत पुढेमागे झेप घेत राहतो. त्यामुळे ढोल व बास या वाद्यांचे काम डावा हातच करतो आणि उजवा हात मूळ धुनेचा विस्तार करण्यास मोकळा राहतो. ही शैली रॅगटाइम या जुन्या पियानोप्रकारातून विकसित झाली. वेदरफर्ड यांचा डावा हात विशेष भक्कम होता. त्यांच्या वादनात द्रुत लय, भरीव नाद आणि उजव्या हाताने केलेल्या वेगवान स्वरपंक्ती आढळतात. पॅरिसमधील तबकड्यांत ते परिचित गीताची धून प्रथम सरळ मांडतात आणि नंतर प्रत्येक आवर्तनात तिला नवे रूप देत जातात. ख्यालगायनात बंदिशीची मांडणी झाल्यावर होणाऱ्या विस्ताराशी परिचित असलेल्या श्रोत्याला या पद्धतीत साम्य जाणवू शकते. मात्र जॅझमधील विस्तार रागाच्या चौकटीत न होता बदलत्या स्वरसमूहांच्या मालिकेवर होतो.

भारतीय संगीतावरील प्रभाव

ताजमधील अमेरिकन वाद्यवृंदांचा सर्वाधिक लाभ गोमंतकीय वादकांना झाला. पोर्तुगीज राजवटीतील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिनवादन शिकवले जात असे. या शिक्षणाच्या बळावर अनेक गोमंतकीय तरुण मुंबईत हॉटेले, क्लब, संस्थानिकांचे बँड आणि मूकपटगृहे यांत नोकरी करत होते. त्यांना कागदावरचे संगीत अचूक वाचता येत असे. जॅझमधील उत्स्फूर्त वादन आणि लयीला दिला जाणारा हेलकावा मात्र केवळ कागदावरून शिकता येण्यासारखा नव्हता. अ‍ॅबी, स्मिथ आणि वेदरफर्ड यांच्या वाद्यवृंदांमुळे तो त्यांना प्रत्यक्ष ऐकता आला.

१९३९ साली ताजमधील वाद्यवृंदाचे प्रमुखपद मिकी कोरिया या गोमंतकीय वादकाकडे आले आणि पुढे सुमारे दोन दशके ते त्यांच्याकडेच राहिले. आल्दोना या गावचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (मूळ नाव आंतोनियो झेवियर वाझ), कुडचडे येथील फ्रँक फर्नांड आणि पारशी सॅक्सोफोनवादक रूडी कॉटन हे याच पिढीतील होत. रात्री हॉटेलमध्ये वाजवणारे हे वादक दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात भाग घेऊ लागले. पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र (चितळकर) यांनी चिक चॉकलेट यांना साहाय्यक म्हणून घेतले. १९५१ सालच्या ‘अलबेला’ या चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतात. हिंदी चित्रपटगीतांत ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि स्विंगची लय रूढ झाली, ती या वादकांच्या पिढीमुळे. वेदरफर्ड यांनी चित्रपटसंगीत दिले नाही. परंतु ज्या मंचावरून हे संगीत चित्रपटसृष्टीकडे गेले, त्या मंचावरील ते एक प्रमुख कलावंत होते.

स्वातंत्र्यानंतर अनेक परदेशी व अँग्लो-इंडियन वादक देश सोडून गेले, तरी मुंबई व कोलकाता ही भारतातील जॅझची केंद्रे राहिली. १९५८ साली डेव्ह ब्रुबेक, १९६३ साली ड्यूक एलिंग्टन आणि १९६४ साली लुई आर्मस्ट्राँग यांनी भारताचा दौरा केला. शिकागोत वेदरफर्ड यांच्याबरोबर ध्वनिमुद्रण केल्यानंतर अडतीस वर्षांनी आर्मस्ट्राँग मुंबईत आले, तेव्हा तेथे जॅझ समजणारा श्रोतृवर्ग आणि जॅझ वाजवणारी स्थानिक वादकांची पिढी आधीपासून तयार होती. १९७८ पासून मुंबईत ‘जॅझ यात्रा’ हा महोत्सव भरू लागला.

पुनर्शोध

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुन्या तबकड्यांच्या संग्राहकांनी वेदरफर्ड यांची शिकागो, पॅरिस आणि कोलकाता येथील ध्वनिमुद्रणे पुन्हा श्रोत्यांसमोर आणली. बक क्लेटन यांच्या आत्मचरित्रातून त्यांच्या शांघायमधील वास्तव्याविषयी माहिती मिळते. मुंबईतील जॅझच्या इतिहासावर पत्रकार नरेश फर्नांडिस यांनी लिहिलेले ‘ताज महाल फॉक्सट्रॉट’ हे इंग्रजी पुस्तक २०१२ साली प्रकाशित झाले. क्रिकेट स्मिथ यांच्या वाद्यवृंदाने १९३६ साली ध्वनिमुद्रित केलेल्या रचनेवरून या पुस्तकाचे नाव घेतले आहे. वेदरफर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या भारतातील कार्याची सविस्तर ओळख या पुस्तकामुळे नव्या वाचकांना झाली.